अकरा मीटरवर धरलेला श्वास

शनिवार, २४ जानेवारी. ठरलेली रक्कम बासष्ट हजार रुपये. दोन माणसं, तीन दिवस, समुद्रातली प्रवाळं आणि एक बुडालेलं जहाज, आणि शेवटी पाण्याखाली उतरण्याच्या परवान्याचं कार्ड. हजर होतो चौघं: मी, माझा नवरा, माझा धाकटा भाऊ आणि डायव्हिंगच्या दुकानाचा मालक. नवरा पाण्यात उतरणार नव्हता, त्याला होडीत पाय ठेवल्यावरच मळमळतं. तो फक्त हजर. हे मी आधीच लिहून टाकते, कारण त्या सकाळी काउंटरवर जे बोलणं झालं ते नंतर मालकाला वेगळंच आठवलं आणि भावाला आठवेनाच. मला आठवतं. शब्द न् शब्द.

सव्वीस जानेवारी सोमवारी आली होती. शनिवार-रविवार धरून तीन दिवस सलग सुट्टी. जबलपूरहून विमानं बदलत आम्ही किनाऱ्यावर पोचलो. कल्पना भावाची होती. पन्नाशीला टेकलेला माणूस, जबलपूरच्याच रांझीतल्या संरक्षण फॅक्टरीत नोकरी, आणि वर्षभर मोबाईलवर मासे बघत बसायचा. मी त्याच्याहून तीन वर्षांनी मोठी. मी केंद्र सरकारच्या लेखा कार्यालयात आहे. जिथे जायचं तिथली माहिती आधी वाचायची ही माझी सवय. या डायव्हिंगचं पुस्तकही मी दोनदा वाचलं होतं. त्यात पहिल्या दिवशी तलावात सराव, मग समुद्र, असं स्वच्छ लिहिलं होतं. मास्कमध्ये पाणी शिरलं तर नाकाने फुंकून कसं बाहेर काढायचं हे तलावात शिकवतात. मी तर घरी बादलीत तोंड घालून बघितलं होतं. नवरा बाजूला टॉवेल घेऊन उभा.

काउंटरवर मालक म्हणाला, "सर, पूल का सेशन रखें? छोड़ देंगे तो एक रीफ और हो जाएगी."

भाऊ म्हणाला, "अरे भैया, हम नर्मदा वाले हैं. पूल-वूल बच्चों को कराओ."

"पूल करायचाच आहे," मी म्हणाले. "पैसे त्याचेही दिलेत."

"ताई, तू तर पाण्याचंही ऑडिट करून राहिली!"

नवरा हसला. मालकाला मराठी येत नव्हतं, तरी तोही हसला. आणि तलाव रद्द झाला. इतकंच झालं. एका हसण्यावर.

नर्मदेचं सांगायला हवं, नाहीतर पुढचं कळणार नाही. आमचे बाबाही फॅक्टरीतच होते. रविवारी सकाळी सायकलच्या दांडीवर भाऊ, कॅरियरवर मी, असं ते आम्हाला रांझीहून ग्वारीघाटला न्यायचे. पोहायला त्यांनीच शिकवलं. त्यांची शिकवण एका ओळीची होती: श्वास भर, तोंड मिट, जा खाली. घाटावरची सगळी मुलं तशीच शिकली. कोण किती वेळ खाली राहतो याची चढाओढ लागायची, काठावरची पोरं मोठ्याने आकडे म्हणायची, आणि आमचा हा नेहमी सगळ्यात शेवटी वर यायचा. डोळे लाल, गाल फुगलेले, तोंड घट्ट मिटलेलं. लोक त्याला मासोळी म्हणायचे. आजही संक्रांतीला तो घाटावर गेला की ओळखीचं कोणी ना कोणी विचारतं, "क्यों भैया, अब भी उतना ही रुकते हो?" आणि तो रुकून दाखवतो.

नदीत ते चालतं. वर घेतलेली हवा तुम्ही खाली नेता, तेवढीच परत वर आणता. सिलिंडरचं तसं नाही. दर दहा मीटर खोलीला दाब आणखी एका वातावरणाइतका वाढतो, आणि नळीतून जी हवा छातीत जाते ती त्या दाबाने दाबलेली असते. अकरा मीटरवर चार लिटर हवा भरून घेतली आणि तोंड मिटून वर आलं, तर पृष्ठभागापर्यंत तिला जवळजवळ साडेआठ लिटर जागा हवी असते. माणसाच्या छातीत तेवढी जागा नसते. म्हणून त्या सगळ्या पुस्तकात एकच नियम ठळक अक्षरात आहे, श्वास कधीही रोखू नका. मला ते पहिल्याच वाचनात लक्षात आलं: बाबांनी शिकवलं त्याच्या बरोबर उलट. मी भावाला हे विमानात सांगितलं. तो खिडकीतून बाहेर बघत "हो हो" म्हणाला.

शनिवारी दुपारी आम्ही पाच मीटरवरच्या रीफवर, प्रवाळांच्या खडकावर, उतरलो. पाणी उबदार, जानेवारीत अंगाला झोंबेल असं काही नाही. चार-पाच हातांपलीकडे सगळं हिरवट धुकं, पण जवळचं सगळं नीट दिसायचं. मेंदूसारख्या वळ्यांची गोल प्रवाळं, त्यांच्या फटीत मिशा हलवणारे झिंगे, आणि पोपटी-निळे मासे जे प्रवाळ खरोखरच दाताने कुरतडतात. ते कुरतडणं ऐकू येतं. मला ते फार आवडलं. रागाच्या भरात मी ते नाकारणार नाही.

भाऊ होडीच्या कडेवर उभा राहिला, नाक चिमटीत धरलं, "नर्मदे हर!" ओरडला आणि घाटावरून मारतात तशी उडी मारली. होडीवाले खूष. आणि पाण्याखाली मला दिसलं की त्याच्या तोंडातून बुडबुडे फार उशिरा-उशिरा येतात. मी चार श्वास घ्यायचे तेव्हा तो एक. वर आल्यावर आम्हाला घेऊन उतरलेल्या प्रशिक्षकाने दोघांचे काटे बघितले. माझ्या सिलिंडरातली हवा अर्ध्याहून जास्त संपलेली, त्याची जेमतेम पाव.

"सर की हवा तो ख़त्म ही नहीं होती! मॅडम, सर से सीखिए."

ज्या गोष्टीसाठी त्याला तिथल्या तिथे थांबवायला हवं होतं, तिची शाबासकी. संध्याकाळभर तो तेच सांगत होता. सुरमई खाताना, चहा पिताना, फोनवर आपल्या बायकोला. मी मालकाला गाठून म्हटलं, उद्या जहाजावर जायच्या आधी उथळ पाण्यात मास्कचा सराव तरी घ्या. "वहीं जहाज पे करा देंगे मॅडम, टेंशन मत लीजिए." आणखी एक गोष्ट. भावाला भरघोस मिशी आहे, वडिलांपासून चालत आलेली, ती तो उतरवणार नाही. मिशीवर मास्क नीट बसत नाही, पाणी झिरपतं. त्यावर यांचा इलाज काय, तर मिशीला व्हॅसलीन. रविवारी सकाळी होडीत प्रशिक्षकाने बोटभर व्हॅसलीन काढून माझ्या भावाच्या मिशीला चोपडलं आणि सगळे हसले. पुन्हा हसले.

जहाज अकरा-बारा मीटरवर, कुशीवर पडलेलं. मालवाहू असावं. लोखंडी फासळ्या, त्यांवर कालवांचे थर, बॉयलरच्या भोकातून आत-बाहेर करणारी चांदीसारख्या माशांची झुंड. प्रशिक्षक एक आणि त्याच्यामागे आम्ही चौघं: मी, भाऊ आणि दुसऱ्या गावचे दोन पाहुणे. मास्कचा सराव राहिला बाजूला, त्या प्रशिक्षकाच्या हातात कॅमेरा होता. व्हिडिओचे वेगळे पैसे असतात. तो मला बॉयलरशेजारी उभं करून हाताने "हला, हात हलवा" अशा खुणा करत होता, आणि मी मूर्खासारखी हात हलवत होते, तेव्हा त्याच्या पाठीमागे मला माझा भाऊ दिसला. मास्क अर्धा पाण्याने भरलेला. तो दोन्ही हातांनी मास्क चाचपत होता. मग त्याने डोळे मिटले, मान वर केली आणि पाय मारले.

माझ्या अगदी शेजारून वर गेला. त्याच्या पायातले फिन माझ्या खांद्याला लागले. मी वर बघितलं. तोंडातून एक बुडबुडा निघत नव्हता. नळी तोंडातच होती, आणि गाल फुगलेले. मी तो चेहरा ओळखला, चाळीस वर्षं बघितलेला आहे. मी त्याचा पाय पकडायला गेले, हातात पाणी आलं. मनगटाला बांधलेली लॉकरची किल्ली माझ्या सिलिंडरवर आपटून मी प्रशिक्षकाला वर दाखवलं. त्याने कॅमेरा वर केला. शूटिंगसाठी. मग त्याला कळलं.

मी हळू, श्वास सोडत सोडत वर आले. माझ्या आयुष्यातलं सगळ्यात लांब चढणं. वर भाऊ शिडीला लटकून हसत होता.

"नाकात पाणी गेलं ताई. एका श्वासात वर आलो! बघितलं का?"

"श्वास सोडलास का येताना?"

"काहून सोडू? संपून नसता गेला?"

मी होडीत त्याच्यावर ओरडले. जबलपूरला माझ्या घरात कोणी माझा आवाज इतका चढलेला ऐकलेला नाही. नवरा, तोंड पिवळं पडलेलं, म्हणाला, "अगं जाऊ दे ना, आला ना वर." मालक दुसऱ्या होडीतून आला, भावाच्या हातात लिंबू-सोड्याची बाटली दिली आणि म्हणाला, "थोड़ा पानी पी लिया सर ने. होता है." भावाने घोट घेतला, छातीच्या मध्यावर हात ठेवला आणि "गॅस झाला वाटतं," म्हणाला.

दुपारभर तो तो हात तिथेच ठेवून होता. मी विचारलं की काढायचा. जेवला नाही. संध्याकाळी भावजयीचा फोन आला. ती जबलपूरलाच होती, पुढच्या आठवड्यात मुलीची परीक्षा. तो "हॅलो" म्हणाला आणि दोन वाक्यं बोलला, तर तिकडून तिचा आवाज मला पलंगाच्या या कडेलाही ऐकू आला. "तुमचा आवाज असा काहून येऊन राहिला? नाकातून बोलून राहिले तुम्ही." तो खोकला, फोन बाजूला धरला. आवाज खरंच बदलला होता. पातळ, पिपाणीसारखा. मी त्याच्या शर्टाची वरची दोन बटणं काढली आणि गळपट्टीच्या हाडावर बोट दाबलं. कातडीखाली कुरकुरलं. सुकलेल्या पापडाच्या चुऱ्यावर बोट ठेवावं तसं. पुस्तकात ते वाचलं होतं. फुप्फुस फाटून निसटलेली हवा मानेपर्यंत चढते तेव्हा असं लागतं.

मी त्याचा हात धरून दुकानात घेऊन गेले. सोमवारी दुपारचं विमान होतं.

"इनको अभी अस्पताल ले जाना है," मी म्हणाले. "ऑक्सिजन दीजिए. आपकी नाव पर था ना?"

मालक हिशेबाच्या संगणकासमोरून उठलाही नाही. "मॅडम, सर्दी है. कल आराम से फ्लाइट पकड़िए, जबलपुर में अपने डॉक्टर को दिखा दीजिए."

विमानात. जिथे हवेचा दाब आणखी कमी होतो आणि अडकलेली हवा आणखी फुगते. डायव्हिंगच्या दुकानाचा मालक हे सांगत होता, त्याच्याच भिंतीवर लटकलेल्या तक्त्याखाली बसून, ज्यावर विमानाचं चित्र काढून वर लाल फुली मारलेली होती.

मी तक्त्याकडे बोट दाखवलं. तो म्हणाला, "पूल तो आप लोगों ने ही मना किया था."

"सर म्हणाले म्हणून! गिऱ्हाईक म्हणालं ब्रेक नको, तर ब्रेक काढून गाडी भाड्याने देता तुम्ही?" हे मी मराठीतच म्हणाले. रागात मला हिंदी सुचत नाही. त्याला अर्थ कळला, कारण या वेळी तो हसला नाही.

पण मला खरा राग यायचा होता तो पुढेच. भावाने माझा हात सोडवला आणि त्या पिपाणी आवाजात म्हणाला, "ताई, मी नाही दवाखान्यात जात. मंगळवारी मला ड्यूटीवर उभं राहायचं आहे."

"रजा टाक."

"कशी टाकू? मी स्टेशन लीव्ह घेतली नाही."

सरकारी नोकरीतल्या घरांना हे समजावावं लागत नाही. सुट्टी असली तरी मुख्यालय सोडून जायचं तर परवानगी लागते. त्याच्या संरक्षण फॅक्टरीत तर फारच. तीन दिवसांचंच तर आहे, कोणाला कळतंय, म्हणून यानं अर्जच दिला नव्हता. सोमवारच्या झेंडावंदनाला तब्येत बरी नाही म्हणून एका मित्राकडून सांगवायचं ठरलं होतं. आता हजार मैलांवरच्या दवाखान्याचा कागद दाखल झाला तर तो खोटं बोलला हे सिद्ध. मेमो, खुलासा, कदाचित वेतनवाढ बंद. त्या भीतीपायी हा माणूस फाटलं फुप्फुस घेऊन विमानात बसणार होता.

"तुझी वेतनवाढ जाईल," मी म्हणाले. "विमानात तू जाशील."

"तू नेहमी असंच बोलते. सगळं जास्तीत जास्त करून."

"बस गाडीत."

"ताई..."

"मी आत्ता तुझ्या बायकोला फोन लावते आणि सांगते तुझ्या मानेत काय लागतंय. तू बोल मग तिच्याशी, त्या आवाजात."

तो बसला. नवऱ्याने टॅक्सी बोलावली होती, मला न विचारता. त्या दोन दिवसांत त्याने केलेलं पहिलं शहाणपणाचं काम, आणि ते मी त्याला तेव्हाच सांगून टाकलं. वाटेत भावाने दर वळणावर "सोमवारी दुपारपर्यंत सोडतील ना?" विचारलं आणि मी दर वळणावर "नाही" म्हणाले.

जिल्ह्याच्या गावातल्या दवाखान्यात डॉक्टरीण बाईंनी मानेवर बोट ठेवलं आणि लगेच ऑक्सिजन लावायला सांगितला. एक्स-रे, मग सीटी. हवा हृदयाभोवती पसरलेली होती. त्यांनी त्याला एका रेषेवर चालायला लावलं, डोळे मिटून नाकाला बोट लावायला सांगितलं, शंभरातून सात-सात वजा करायला लावले, कारण तशीच हवा रक्तात शिरून मेंदूकडे गेली असती तर दाबाच्या चेंबरमध्ये न्यावं लागलं असतं. वजाबाकी त्याने बरोबर केली. मी दाराशी उभी राहून प्रत्येक आकडा त्याच्याबरोबर मनात म्हणत होते. शहाऐंशीवर तो थांबला. मग "एकोणऐंशी" म्हणाला.

"विमान?" त्याने विचारलं.

"महिनाभर नाही," त्या म्हणाल्या. "आणि सिलिंडर लावून पाण्यात पुन्हा कधीच नाही. एकदा असं झालेल्या माणसाला परत व्हायची भीती असते. दुसऱ्या वेळी तुमची बहीण शेजारी असेलच असं नाही."

मला त्या वेळी रडू आलं असतं, पण त्याने मान वळवून माझ्याकडे असं बघितलं, जणू मीच त्याचा समुद्र काढून घेतला.

बुधवारपर्यंत तिथे राहिलो. भावजय दिवसातून चारदा फोन करायची आणि दर वेळी त्याचा आवाज थोडा जाड झालेला ऐकून ठेवून द्यायची. मालक एकदाही आला नाही. मंगळवारी त्याचा मेसेज आला: लवकर बरे व्हा, आणि आमच्या सेवेला तारे द्यायला विसरू नका. मी त्याला कळवलं, तलाव झाला नाही असं लिहून द्या, मगच उरलेले पैसे. ठरलेल्यातले निम्मे आम्ही आगाऊ दिले होते, निम्मे राहिले होते. त्याने लिहून दिलं नाही. मी दिले नाहीत.

बुधवारी संध्याकाळी रेल्वेने निघालो. भाऊ खालच्या बर्थवर. फॅक्टरीत मेमो मिळायचा तो मिळाला, खुलासा मी बसून लिहून दिला, जसं घडलं तसं, आणि वेतनवाढ वाचली. त्याबद्दल त्याने माझे आभार मानले नाहीत. मला नको होते. महिन्याने जबलपूरच्या छातीच्या डॉक्टरांनी फिल्म उजेडाकडे धरली आणि साफ आहे म्हणाले. भाऊ खोल श्वास घेऊन, रोखून, डॉक्टरांच्याच समोर हसला. मी त्याच्या पाठीत धपाटा घातला.

त्याच संध्याकाळी त्यांच्या रांझीच्या क्वार्टरमध्ये चहाला बसले असताना भावजयीने मला कार्ड दाखवलं. ते कुरिअरने आलं होतं. भावाचा फोटो, मिशीसकट. मागे बारीक अक्षरात लिहिलेलं, की या व्यक्तीने तलावातला सर्व सराव पूर्ण केला आहे, मास्क रिकामा करणं, आपत्कालीन चढण, सगळं. त्या कार्डावर जगातला कोणताही होडीवाला त्याला अठरा मीटरपर्यंत उतरवेल. काही विचारणार नाही.

"हे कसं आलं?" मी विचारलं.

तो खिडकीकडे बघत होता. "तू एक्स-रेच्या खिडकीवर गेली होती ना, तेव्हा. ऑक्सिजन लावलेला होता, हात मोकळाच होता. फोनवरून पैसे टाकले."

"काहून?"

"मेहनत केली होती ताई मी. कार्ड तर पाहिजे."

भावजय कप घेऊन आत गेली. मी कार्ड टेबलावर ठेवलं. फाडलं तर तो दुसरं मागवील, आणि मालक आनंदाने पाठवील.

माझ्या नावाचं कार्ड आलं नाही, कारण माझे पैसे मी दिले नाहीत आणि देणार नाही. दवाखान्याचे सत्तेचाळीस हजार तीनशे मी दवाखान्याला दिले. आणि उरलेल्यातला आपला वाटा, पंधरा हजार पाचशे, माझ्या भावाने नाकात ऑक्सिजनची नळी असताना डायव्हिंगच्या दुकानाच्या मालकाला दिला, वर प्रशिक्षकाला खुशीचे म्हणून पाचशे.